थकबाकीदारांची नावे लिफ्टशेजारी लावणे योग्य आहे का?

प्रश्न (खजिनदार_72):
आमच्या सोसायटीत 72 सदनिका आहेत. देखभाल खर्च थकवलेल्या 9 सभासदांची नावे, सदनिका क्रमांक आणि रकमा कार्यकारिणीने गेल्या महिन्यात लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावल्या आणि त्याच कागदाचा फोटो व्हॉट्सॲप समूहावरही टाकला. ती यादी मीच टंकली होती, हे आधीच कबूल करतो. आठवडाभरात चौघांनी पैसे भरले, म्हणून अध्यक्ष खूश आहेत. मात्र ज्या दोघांकडे लाखाच्या वर थकले आहेत, ते फळ्यासमोर उभे राहून फोनवर निवांत गप्पा मारतात. उलट, पत्नीच्या आजारपणात ज्यांचे 11,400 रुपये राहिले होते त्या निवृत्त गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरले आणि तेव्हापासून ते संध्याकाळी कट्ट्यावर आलेले नाहीत. लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून तिसरा मजला ते जिन्याने चढतात.

पुणे महापालिका मिळकतकरासाठी थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवते, मग आपणही बोलवावा, असा विषय आता सभेपुढे येणार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर 1 (तारीख_पे_तारीख):
वसुलीसाठी कायद्याने दिलेला रस्ता असताना बँडची गरज काय, हे मला कळत नाही. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) थकबाकीवर सरळ व्याज लावता येते आणि त्यानंतर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली होत असे. 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ते कलम 154 ब-29 मध्ये आले. दाखला मिळाला की जमीन महसुलाप्रमाणे वसुली होते. वेळ लागतो हे खरे. पण लाखाचे थकबाकीदार घाबरतात ते याच कागदाला.

"यादी खरीच आहे, मग बदनामी कसली?" असे तुमचे अध्यक्ष म्हणतील. बदनामीच्या गुन्ह्यात केवळ खरेपणा हा बचाव पुरत नाही; ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. 2020 च्या मार्चमध्ये लखनौत आंदोलकांची छायाचित्रे आणि पत्ते असलेले फलक सरकारने चौकाचौकांत लावले होते, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते खासगीपणाच्या हक्कावरचे आक्रमण ठरवून काढायला सांगितले. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, हे मान्य. तरीही फळा आणि समूह यांत फरक आहे, कारण समूहावरचा फोटो सभासदांच्या नातेवाइकांपर्यंत आणि भाडेकरूंपर्यंत जातो.

उत्तर 2 (माजी_ग्रामसेवक):
लाजेचा उपयोग होत नाही, असे म्हणणारे बहुधा शहरातले असतात. हागणदारीमुक्तीच्या काळात आम्ही गुड मॉर्निंग पथकात पहाटे पाच वाजता उठून शिट्ट्या वाजवत फिरलो आहोत, आणि घरी जागा व पैसा असूनही केवळ आळसाने शौचालय न बांधणारे तेव्हा खरोखर हलले. पण ज्यांच्याकडे जागाच नव्हती त्यांना लाजवून आम्ही काय मिळवले? त्या घरांतल्या बायका आणखी लवकर, अंधारात, आणखी लांब जाऊ लागल्या. आमच्या नोंदवहीत ते सुधारणा म्हणूनच दिसत होते. तुमचे निवृत्त गृहस्थ वाचताना मला त्याच बायका आठवल्या.

उत्तर 3 (शनिवारपेठी):
नावांची यादी छापून माणसांना उघडे पाडण्याचा पुण्यातला प्रसिद्ध प्रयोग 1890 चा आहे. पंच हौद या ख्रिस्ती मिशनमधल्या समारंभात चहा-बिस्किटे पुढे आली (मिशनऱ्यांकडे खाणेपिणे तेव्हा धर्मबाह्य मानले जाई), आणि नंतर गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) माजले आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्याबद्दल त्यांना सुधारकांचेही बोल ऐकावे लागले. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे यातून निभावली. घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे अशा साध्या माणसाचे काय झाले असेल, याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र त्या जुन्या, जाचक व्यवस्थेत होती: प्रायश्चित्त घेतले की पंगतीत परत बसता येत असे. अर्थात मी त्या व्यवस्थेची भलामण करत नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. पण तुमच्या यादीत परतीची सोय कुठे आहे? त्या गृहस्थांनी पैसे भरल्यावर "पूर्ण जमा" एवढे दोन शब्द तरी कोणी समूहावर लिहिले का?

खजिनदार_72:
नाही लिहिले. पैसे भरलेल्या चौघांचीही नावे फळ्यावर तशीच होती, कारण अद्ययावत यादी महिनाअखेरीला काढायची असे ठरले होते. आज कागद काढला आहे. बँडच्या ठरावाला मी लेखी विरोध नोंदवणार असून दोन मोठ्या थकबाकींसाठी उपनिबंधकांकडे अर्ज करण्याचा पर्यायी ठराव मांडणार आहे. समूहावर "पूर्ण जमा" लिहावे, तर त्या निवृत्त गृहस्थांचे नाव पुन्हा एकदा सर्वांसमोर येईल, असे माझ्या पत्नीचे म्हणणे पडले. म्हणून रविवारी त्यांच्या घरीच जाऊन येतो.