पायाला भिंगरी की हाताला उरक? तुमचे अनुभव लिहा

परवा हळदीकुंकवाला एकजण म्हणाली, "तुझं काय बाई, तू किती ॲक्टिव्ह!" पहाटे पाचला उठते, दोन डबे, स्कूटर, ऑफिस, येताना भाजी. दिवसभर पळते हे खरं. पण समोरच्या आजी (वय ७८) खुर्चीतून फारशा उठत नाहीत, तरी गप्पा मारता मारता मेथीच्या दोन जुड्या निवडून होतात आणि देठं गाईसाठी वेगळी बांधलेली असतात. मला तेवढ्या वेळात चहाची गाळणी सापडत नाही. माझी धावपळ, त्यांचा उरक. उत्साही नक्की कोण? उपदेश नको, घडलेलं सांगा.

गवतीचहा
सासरी मी 'आळशी' ठरले होते, आणि मलाही ते पटलं होतं. भांडी घासता घासता मध्येच ओट्याला टेकायचे. घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर पिशवी खाली ठेवून मोबाईल बघायचं नाटक करायचे, धाप कुणाला दिसू नये म्हणून. दोन वर्षं असं चाललं. मग भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.८. बाईचं १२ तरी हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. (चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. मी महिनाभर चहाबरोबरच घेत होते!) तिसऱ्या महिन्यात एकदा दाराचं कुलूप उघडताना लक्षात आलं, पिशवी हातातच आहे. मध्ये कुठे टेकवलीच नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "हल्ली हुरूप आलाय हिला." हुरूप कसला, रक्त आलंय.

वामकुक्षी
सासरे रात्री पावणेबाराला डायनिंग टेबलाला प्रदक्षिणा घालतात. घड्याळात ९,६०० झालेले असतात, दहा हजार भरायचे असतात. मी त्यांना सांगितलं, हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. "बरं, आता चारशेच राहिलीत," म्हणाले आणि चालत राहिले.

रात्रपाळी
बारा बारा तासांच्या ड्यूट्या करून सांगतो, उत्साह म्हणजे झोप. पुढचा.

वाटसरू
आळंदी ते पंढरपूर, माझी पहिलीच वारी. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाट. मी बत्तीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा. घाटात टाळांच्या ठेक्यावर उड्या मारल्या, फोटो काढले, आणि सासवडला पोचलो तेव्हा बूट पायातून निघेनात. आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या, डोक्यावर तुळस. विसावा आला की तुळस नीट सावलीत ठेवायच्या, पदर तोंडावर घ्यायच्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागायच्या. दिंडी हलली की उठून तयार. "मावशी, इतक्या लगेच झोप लागते कशी?" विचारलं, तर म्हणाल्या, "माउली, तू टेकल्यावर बी फोनच बघतोस की." दुसऱ्या दिवसापासून विसाव्याला फोन पिशवीत. जेजुरीपर्यंत मलाही घोरता यायला लागलं.

काठावरची
माझं जरा वेगळं आहे. बाबा गेल्यावर आई अशी कामाला लागली की येणारेजाणारे कौतुक करायचे, "केवढी खमकी बाई!" माळ्यावरची सगळी तांब्यापितळेची भांडी काढून तिनं चिंचेनं घासली. चार दिवसांनी पुन्हा तीच काढली. बंब आधीच लखलखत होता. मी तिच्या हातातली चिंच काढून घेतली, म्हटलं, आता बस जरा. तर म्हणाली, "बसून काय करू गं?" मग मी आणखी थोडी चिंच भिजवली आणि घंगाळ माझ्याकडे ओढलं.