फ्री डिश: वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल फुटतात, खालचे स्वच्छ दिसतात

कृष्णाकाठ
मंडळी, सातारा तालुक्यात दुमजली घर आहे. गच्चीवर डीडी फ्री डिशची ६० सेंमीची छत्री, तिथून हॉलपर्यंत साधारण ३५ मीटर आरजी-६ केबल. जिन्यात स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारा तुकडा) लावून एक वायर आतल्या खोलीतल्या दुसऱ्या बॉक्सला नेली आहे. आकाश निरभ्र असताना बॉक्सच्या सिग्नल मेनूत दिसलेली क्वालिटी (सिग्नल किती स्वच्छ) अशी: ११०९० मेगाहर्ट्झवर ६८, १११७० वर ६४, ११४७० वर ३३, ११५१० वर २५ आणि ११५५० वर शून्य. स्ट्रेंग्थ (सिग्नलचा जोर) मात्र कुठेच ७० च्या खाली नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे हॉलमधला बॉक्स मेनमधून बंद केला की आतला टीव्हीही जातो. एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) बदलायचा सल्ला मिळाला आहे. छत्री फिरली असेल का?

ओळंबा
एलएनबीला आणि छत्रीला आत्ता हात लावू नका. छत्री फिरली असती तर पाचही फ्रिक्वेन्सींची क्वालिटी साधारण सारखीच पडली असती. तुमची फ्रिक्वेन्सी वाढेल तसतशी पडते आहे, म्हणजे दोष एलएनबीच्या खाली, वायरीच्या वाटेवर आहे.

उपग्रहावरून येणारी ११०९० मेगाहर्ट्झची लहर वायरीतून तशीच येत नाही. एलएनबी तिच्यातून ९७५० वजा करतो. त्यामुळे ११०९० केबलमध्ये १३४० होऊन उतरते आणि ११५५० होते १८००. केबल, कनेक्टर, स्प्लिटर, सगळे फ्रिक्वेन्सी वाढली की जास्त खातात.

आता जिन्यातला स्प्लिटर उतरवा आणि त्याच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा. ‘५–१००० मेगाहर्ट्झ’ असेल तर तो केबल टीव्हीचा आहे. तुमचा सगळा सिग्नल त्याच्या हद्दीबाहेर. छत्रीसाठी ५–२४०० किंवा ९५०–२१५० वाला लागतो. दुसरा टीव्ही पहिल्यावर अवलंबून आहे, हाही त्याचाच पुरावा: एलएनबीला लागणारा वीजपुरवठा स्प्लिटरच्या एकाच तोंडातून वर जातोय. नवा घेताना दोन्ही तोंडांतून वीज वर जाऊ देणारा, आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला मागा. फ्री डिशच्या या सगळ्या फ्रिक्वेन्सी व्हर्टिकल (उभ्या लहरीच्या) आणि ११७०० च्या खालच्या, म्हणजे दोन्ही बॉक्स एलएनबीला एकच १३ व्होल्ट देतात, वरच्या पट्ट्यासाठी लागणारा २२ किलोहर्ट्झचा टोन कुणीच देत नाही. म्हणून एका एलएनबीवर दोन बॉक्स निर्धास्त चालतात.

खात्री करायची तर एक बॉक्स आणि छोटा टीव्ही गच्चीवर न्या, २ मीटरच्या वायरीने थेट एलएनबीला जोडा. पाचही आकडे सारखेच चांगले आले तर छत्री निर्दोष. वायर लावता-काढताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. वायरीतली मधली तार तिच्याभोवतीच्या जाळीला टेकली तर बॉक्समधून एलएनबीला जाणारा पुरवठा जळू शकतो.

कुंभारमाशी
वर जाताच आहात तर कनेक्टर उघडून बघा. नुसते पिळून बसवलेले कनेक्टर पावसाळ्यात पाणी पितात. आतल्या जाळीवर हिरवी-काळी पुटं दिसली तर तेवढी वायर कापून टाका. काळेपणा संपून जाळी चकचकीत दिसेपर्यंत मागे या. कधी हातभर वायर जाते, जाऊ द्या. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २–३ मिमी दिसली पाहिजे आणि जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. दाबून बसणारा कम्प्रेशन कनेक्टर वापरा, वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. काळी इलेक्ट्रिकची टेप उन्हात सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर लावूच नका, ते तांबं खातं. एलएनबीजवळ वायरीला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, कनेक्टरकडे जाणार नाही.

एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकणही तपासा. त्याला चीर गेली की आत पाणी शिरतं, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर करते. बाहेरून एलएनबी ठणठणीत दिसतो आणि क्वालिटी मात्र सगळीकडे निम्मी.

ओळंबा
पुढे कधी छत्री खरंच हलली तर हे जपून ठेवा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ वर आहे. सातारा आणि पुण्याहून दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे १३१–१३२ अंश, रत्नागिरीहून १२८–१२९, नागपूरहून १४४–१४५. उंची (क्षितिजापासून वरचा कोन) मात्र या सगळीकडे ५९ ते ६० अंशच. मोबाइलचा कंपास छत्रीच्या लोखंडापासून ४–५ पावलं लांब धरून बघा, जवळ तो चुकतो.

आधी पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी पाहा. तिरक्या पाइपवर छत्री बाजूला फिरवली की उंचीही बदलते आणि मग तासभर चाचपडणं होतं. ६० सेंमीच्या छत्रीची कड १ सेंमी सरकली की तोंड जवळजवळ २ अंश फिरतं, आणि दीड अंशाला सिग्नल निम्मा होतो. म्हणून बोल्ट अर्धवट आवळून कड केसभर सरकवायची, ३–४ सेकंद थांबायचं, क्वालिटी वाचायची. स्ट्रेंग्थकडे बघू नका. तिच्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो, भिंतीकडे तोंड केलं तरी ती ६० दाखवेल. शेजारी ९५ अंशावर दुसरा उपग्रह आहे. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर बहुतेक तिकडे लागली आहे. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून सर्वांत चांगला आकडा घ्या. बोल्ट पूर्ण आवळल्यावर पुन्हा वाचा, आवळतानाच छत्री सरकते.

पावसाळी
एक भर. क्वालिटी चांगली असून एखादाच चॅनल नसेल तर गच्चीवर जाऊ नका. फ्री डिशवरच्या जागांच्या ई-लिलावानंतर चॅनलांच्या जागा बदलतात, तेव्हा पुन्हा ऑटो स्कॅन करायचं. एमपेग-४ या नव्या चित्र-पद्धतीतले चॅनल जुन्या एमपेग-२ बॉक्सवर दिसणारच नाहीत. आणि मुसळधार सरीत १०–१५ मिनिटं चित्र गेलं तर तो दोष नव्हे. पावसाचे थेंब ही लहर शोषतात. घाटमाथ्यावर ९० सेंमीची छत्री घ्यावी, ६० पेक्षा सव्वादोनपट सिग्नल गोळा करते.

कृष्णाकाठ
स्प्लिटरवर ५–१००० च छापलं होतं. एलएनबीकडचा कनेक्टरही काळा निघाला, २० सेंमी वायर कापली. नव्या स्प्लिटरनंतर: ६९, ६८, ६६, ६५, ६३. दोन्ही टीव्ही स्वतंत्र चालतात. दक्षिण-पूर्वेला शेजारचा आंबा वाढतोय, तो कधी आड येईल हे कसं ओळखायचं?

ओळंबा
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा सप्टेंबर संपता संपता, सकाळी ११ च्या आसपास, काही दिवस सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा काही मिनिटं क्वालिटी आपोआप कोसळते. नेमकं त्या क्षणी छत्रीवर बघा: आंब्याची सावली पडली असेल तर फांदी वाटेत आलीच, पूर्ण ऊन असेल तर वाट मोकळी आहे. सावली कडेपासून किती बोटं लांब आहे ते दर वर्षी टिपून ठेवा, फांदी कधी छाटायची ते त्यावरून कळेल.