चार लाख किलोमीटरांवर चाललेली पिकअप: ठेवलीत, उघडलीत की विकलीत?

कांदेनवमी

आमची पिकअप २०१०ची. अण्णांनी घेतली तेव्हा मी दहावीत होतो. कांदा, टोमॅटो, द्राक्षाचे रिकामे क्रेट, लग्नाची भांडी, एकदा तर रात्री दोन वाजता गल्लीतली बाळंतीण, सगळं तिनेच वाहिलं. मीटर ४,१२,००० दाखवतो. मध्ये आठ-नऊ महिने मीटरची केबल तुटलेली होती, तेव्हा वर तीस-चाळीस हजार पदरचे घाला.

आता सकाळी सेल्फ मारला की निळा धूर निघतो. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. फिटर म्हणतो, इंजिन खाली घ्यावं लागेल, सत्तर हजार धरा. नवी घ्यायची तर नऊ-दहा लाखांची गोष्ट. अण्णांचं म्हणणं, "करून टाकू, इंजिन नवं झालं की गाडी नवी." मला ते पटत नाही, पण त्यांच्यापुढे मांडायला माझ्याकडे मुद्दा नाही.

म्हणून विचारतोय. ज्यांनी जुन्या गाडीत पैसे घातले त्यांनी काय केलं, किती गेले, आणि आज ती गाडी कुठे आहे, तेवढं लिहा. आकडे सांगायला लाजू नका.

लेथ_उद्यमनगर

कोल्हापूर. वीस वर्षं लेथवर आहे. निळा धूर दिसला की माणसं थेट बोअर मारायलाच (इंजिनाचे सिलिंडर आतून कापून घ्यायला) येतात. मीही पूर्वी मारून द्यायचो, धंदाच आहे. आता आधी विचारतो, धूर कधी येतोय?

पहिल्या सेल्फला भपकन येतो आणि दोन मिनिटांत जातो, तर बहुतेक व्हॉल्व्हच्या सील गेल्यात. रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली उतरतं, ते सकाळी जळतं. चढाला, लोडवर सतत येतोय तर पिस्टनच्या रिंगांचा संशय. आणि टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) पाइप सोडून आत बोट फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो. वाटीभर ऑइल सांडलं तर टर्बोची सील बघा, इंजिनला हात लावू नका.

अजून एक घरगुती परीक्षा. इंजिन गरम असू दे, स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडत असेल आणि आतून धूर फुसफुसत असेल, तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, खालच्या बाजूला चाललंय.

गेल्या वर्षी एक पाव्हणा इंजिन खाली घ्यायच्या तयारीनं आला होता. सील बदलून आणि हेडची (इंजिनाच्या वरच्या भागाची) बसायची बाजू सपाट करून साडेनऊ हजारांत परत गेला. त्याचा मला फोन नाही, म्हणजे गाडी चालू असणार.

बोअर मारायचाच झाला तर एअर फिल्टरची नळी जरूर पाहा. फाटकी असली तर धूळ थेट बोअरमध्ये जाते. सत्तर हजारांचं काम दीडशे रुपयांच्या नळीनं वर्षात घालवलेलं मी पाहिलंय. आणि पहिले हजार किलोमीटर अर्धाच माल भरा. हे कुणी ऐकत नाही.

वही_पेन

मी गाडी चालवत नाही, गाडीचा हिशेब चालवते. आमचा बचत गट आहे, सातारा जिल्हा. भाजी आणि मसाले पुण्याला जातात. गाडी जुनी घेतली, २०११ची, आली तेव्हाच २,८०,००० झालेली. पहिल्या दिवसापासून एक वही केली: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले.

दोन वर्षांत १,८६,४०० रुपये गेले. बायका म्हणायला लागल्या, इंजिन खातंय, विका. मी वही उघडली. इंजिनावर गेले होते चौदा हजार. टायर बावन्न हजार, तो खर्च नव्या गाडीलाही असताच. आणि क्लच तीनदा! दर आठ-नऊ महिन्यांनी, प्रत्येक वेळी ९,२००.

ड्रायव्हर दादांना वाटलं मी त्यांच्यावर घेतेय. ते क्लचवर पाय ठेवून चालवतात, हे खरं आहे, त्यांनीही हसत मान्य केलं. पण तेवढ्यानं तीनदा? दुसऱ्या फिटरकडे नेली. त्यांनी गिअरबॉक्स उतरवल्यावर जुनी प्लेट माझ्या हातात दिली. ऑइलनं माखलेली होती. इंजिनाच्या मागच्या बाजूची, क्रँकची सील गळत होती. आधीच्या माणसानं तीनदा गिअरबॉक्स उतरवला, तीनदा नवी प्लेट घातली आणि समोर दिसणारी सील तशीच ठेवली. तिची किंमत किती असेल? काही शे रुपये.

त्याला आता अडीच वर्षं झाली. त्यानंतर प्लेट अजून बदलावी लागलेली नाही. कांदेनवमी, अण्णांकडे वही नसेल तर जुन्या पावत्या शोधा. माळ्यावर, देवघरामागे, गाडीच्या कप्प्यात सापडतील. काय परत परत बदललं गेलं ते शोधा.

बांगडा_सुरमई

रत्नागिरीकडची मासळीची गाडी. आमच्याकडे इंजिनाआधी पत्रा मरतो. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळतं आणि चेसिसवर पडतं. तीन लाखांवर चाललेलं माझं इंजिन टकाटक, पण हौदा उचलला तर चेसिसच्या वरच्या पत्र्यात हातोडी घातली की खपली निघायची.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांचं तर विचारूच नका. बाहेरून नुसत्या तांबूस दिसतात. एक दिवस बंदरावर रिव्हर्स घेताना पेडल तळाला गेलं. वेग नव्हता म्हणून निभावलं, भिंतीला टेकली. घाटात झालं असतं तर हे लिहायला मी नसतो. त्या दिवशी सगळ्या नळ्या बदलल्या आणि हौद्याला नीट उतार देऊन पाण्याला एकाच कोपऱ्यातून नळी काढली, चाकांच्या मागे, चेसिसच्या बाहेर. वेल्डिंगवाल्यानं घेतले अठराशे. गाडीत घातलेले सगळ्यात शहाणे पैसे तेच.

खाली जळकं ऑइल फासायची आमच्याकडे पद्धत आहे. लोखंडाला बरं, पण रबराचे बुश फुगून मऊ होतात. मी आता बुशांना प्लास्टिक गुंडाळून मगच फासतो.

पांढरं_सोनं

यवतमाळ. मी सांगतो भाऊ, विकून टाका. मी इंजिन केलं, ऐंशी हजार गेले. इंजिन असं झालं की विचारू नका, वाघावानी. मग त्या ताकदीनं सहा महिन्यांत गिअरबॉक्स बोलायला लागला. तो केला. मग मागच्या ॲक्सलमधला क्राउन-पिनियन. तो केला. मग पासिंगच्या वेळी हौद्याचा पत्रा, लाइटी, रिफ्लेक्टर पट्टी, सगळंच निघालं. आठ वर्षांवरच्या गाडीला दरसाल पासिंग लागते, हे इंजिन करताना मी हिशेबातच धरलं नव्हतं. एकूण पावणेदोन लाख घातले आणि गाडी एक लाख दहाला दिली.

काऊन केलं म्हणाल, तर बाबांची गाडी होती. बाकी काही कारण नाही.

टॅकोमाकाका

मी टेक्सासमध्ये असतो, मूळचा सांगलीचा. माझी २००२ची टोयोटा टॅकोमा, ३.४ लिटर व्ही-सिक्स पेट्रोल, २,४६,००० मैल. इथे मजुरी इतकी महाग की पान्हा हातात घ्यावाच लागतो. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ९०,००० मैलांना बदलायचा असतो. पहिल्यांदा मी स्वतः दोन दिवस घेतले, दुसऱ्यांदा एक दुपार. बायको म्हणते, मला गाडीची नाही, गॅरेजमध्ये एकटं बसायची आवड आहे. तुमच्या प्रश्नाला याचा उपयोग शून्य, पण लिहावंसं वाटलं.

कसारा_सेकंडगिअर

कांदेनवमी, तुम्ही भरून वाशीला जाता असं धरतो. म्हणजे कसारा घाट तुम्ही भरल्या गाडीने उतरता आणि रिकाम्या गाडीने चढता. मग इंजिनाची एवढी काळजी कशाला? उतरताना काय लागतं ते बघा.

मी बारा वर्षं इगतपुरीवरून खाली टोमॅटो नेतोय. माझ्या गाडीला मागे जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) घातलेला होता, सगळेच घालतात. पाटा घातला की गाडी बसत नाही, माल जास्त बसतो, दिसायलाही रुबाबदार. पण मला एक गोष्ट कळत नव्हती: पाटा घातल्यापासून पुढचे ब्रेक पॅड निम्म्या वेळात संपायचे आणि घाटात पुढून जळका वास यायचा. मागच्या ब्रेकचे लायनर मात्र नव्यासारखे.

एका म्हाताऱ्या फिटरनं गाडीखाली झोपून दाखवलं. बऱ्याच पिकअपांना मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी ॲक्सलला जोडलेली. गाडी मालानं खाली बसली की दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. रिकामी असली की कमी देतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल. आता पाटा घातल्यावर काय झालं? भरलेली गाडी खाली बसेचना. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. दोन टन माल आणि ब्रेकचा सगळा भार पुढच्या दोन चाकांवर!

पाटा काढला. चार क्रेटांच्या थप्प्या कमी भरतो. दांडी पुस्तकातल्या मापानं लावून घेतली. पुढचे पॅड आता दुप्पट चालतात.

अजून एक. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात, कुणी तर चावीच बंद करतात. ब्रेकला जो व्हॅक्यूमचा जोर लागतो तो इंजिन फिरलं तरच बनतो, त्याचा पंप बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनामोच्या मागेच बसवलेला असतो. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच जोर, मग पेडल दगड. सेकंडला टाका आणि इंजिनावर सोडा. मागचे हॉर्न मारू देत.

वायरमन_नगर

थोडक्यात लिहितो. जुन्या गाडीचा उजेड पिवळा पडला की लोक जास्त वॅटचे बल्ब टाकतात, मग स्विच वितळतो. परवा एका गाडीला मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बपाशी ११.१. बाकीचे व्होल्ट कुजलेल्या वायरीत आणि स्विचमध्ये चालले होते. कंपनीचेच ६०/५५ वॅटचे बल्ब ठेवले, दोन रिले, जाड वायर, अर्थिंग घासून नवी. साडेअकराशे रुपये. मालक म्हणाला, बल्ब कोणते टाकलेस? म्हटलं, तुझेच.

कांदेनवमी

सगळ्यांचे आभार. रविवारी अर्धा दिवस गाडीखाली होतो.

झाकण उलटं ठेवलं: थरथरतं, पडत नाही. धूर सकाळीच येतो आणि चहा होईपर्यंत जातो. लेथ_उद्यमनगर, म्हणजे सीलचंच दिसतंय, पुढच्या आठवड्यात हेड उघडायला सांगितलंय. फक्त हेड. इंटरकूलरचा पाइप तेलकट आहे, वाटीभर नाही.

पावत्या सापडल्या, देवघरामागेच. पुढचे ब्रेक पॅड तीन वर्षांत पाच वेळा. मग मागच्या ॲक्सलपाशी बॅटरी मारून पाहिलं. जादा पाटा आहे. व्हॉल्व्हची दांडीही आहे, पण ती ॲक्सलपासून सोडून बाइंडिंगच्या तारेनं चेसिसला बांधून ठेवलेली. तार गंजलीय, म्हणजे बरीच वर्षं झाली असावीत.

अण्णांना विचारलं. म्हणाले, "अरे ते? ते खडखडायचं."

कसारा_सेकंडगिअर, दांडी पुन्हा जोडण्याआधी जादा पाटा काढूनच माप घ्यायचं ना? हौदा रिकामा ठेवून की डिझेलची टाकी भरून? शुक्रवारी माल आहे, त्याच्या आत करायचंय. तोवर मी शेजाऱ्याची गाडी सांगून ठेवलीय, अण्णा रुसलेत.