म्युनिकहून घरी पैसे पाठवणे आणि पुण्यातलं जुनं खातं: सल्ला हवा

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी म्युनिकला आलोय. सांगलीला आईबाबांना दरमहा ३०० युरो पाठवायचे आहेत. शिवाय कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलाय, त्याचं भाडं माझ्या जुन्या पगार खात्यात जमा होतं. अनिवासी भारतीयांच्या खात्यांपैकी एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) उघडू, एनआरओ (भारतातल्या कमाईसाठीचं) उघडू की दोन्ही? अटी दोनच: पाठवणावळ महिन्याला ५ युरोंच्या वर नको, आणि खात्यात मोठी शिल्लक अडकवणं सध्या जमणार नाही.

दुबईकर_मंग्या
एनआरई उघडा आणि १० लाखांची मुदत ठेव करून टाका. माझं प्रीमियम खातं आहे, बँकेचा माणूस स्वतः फोन करून विचारपूस करतो. व्याजावर भारतात कर नाही, इकडे तर आयकरच नाही.

पहाटवारा
मंग्याशेठ, शिल्लक अडकवायची नाही असं त्यांनी वरच लिहिलंय. आणि एनआरईचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. जर्मनीचे रहिवासी झालात की जगभरातलं व्याज तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. माणशी वर्षाला १००० युरोंपर्यंत सूट आहे, त्याहून जास्त असेल त्यावर कर.

दुबईकर_मंग्या
माझा आजवर एक रुपया कापला गेलेला नाही. अनुभवाचं सांगतोय.

न्यूजर्सीची_काकू
एफबीएआर (परदेशी खात्यांचं अमेरिकी सरकारला द्यायचं विवरण) विसरू नका! अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी कळवावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एकाला याचा फार मनस्ताप झाला.

कृष्णाकाठचा
काकू, मी जर्मनीत आहे हो.

न्यूजर्सीची_काकू
अरे हो, पण इकडचंही कोणी वाचत असेल ना. तू एनआरओला यूपीआय जोडून घे. माझं अमेरिकेच्या नंबरवर झकास चालतं.

पहाटवारा
काकू, २०२३ मध्ये परदेशी नंबरवर यूपीआय सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा देशांत अमेरिका होती, जर्मनी नव्हता. कृष्णाकाठचा, आधी बँकेला विचारा. भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाकडे येतो. नोकरीसाठी देश सोडलात की साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. भाडं, लाभांश, पेन्शन अशी भारतातली कमाई सहसा एनआरओमध्ये जाते. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के कर आणि वर सेस (उपकर) कापतात. जर्मनीशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात व्याजावरचा भारतातला कर १० टक्क्यांवर थांबतो, पण त्यासाठी जर्मनीतल्या रहिवासाचा दाखला बँकेत द्यावा लागतो. परदेशात कमावलेला पैसा भारतात साठवून पुढे बिनअडथळा परत न्यायचा असेल तर एनआरई.

गावठी_गणित
१८२ दिवस होईपर्यंत एनआरआय होतच नाही. घाई कशाला?

हिशेबनीस
ते १८२ दिवस आयकराचे. खात्यांना फेमा (परकीय चलनाचा कायदा) लागू होतो, आणि त्यात नोकरीसाठी बाहेर पडलेला माणूस तेव्हापासूनच अनिवासी.

गावठी_गणित
माझ्या सीएने १८२च सांगितलेत. असो.

लिमयेवाडी
खातं बदलायचं तर सहीकडे लक्ष द्या. माझी सही कॉलेजात असतानाची, पूर्ण नाव लिहून केलेली. आता नुसता फराटा. सही जुळत नाही म्हणून बँकेने अख्खा गठ्ठा परत पाठवला, तोही साध्या टपालाने. वकिलातीत जाऊन परत सगळं साक्षांकित केलं. अजून डोकं फिरतं आठवलं की.

पहाटवारा
+१. पासपोर्टवरची आणि बँकेतली सही आधी ताडून बघा.

दुबईकर_मंग्या
म्हणून म्हणतो, प्रीमियम खातं घ्या. माणूस घरी येऊन सह्या नेतो.

टपालवाडी
पैसे पाठवताना ‘शून्य शुल्क’ वाचून भुलू नका. खरी कमाई दरात असते. समजा बाजारात युरो १०० रुपये आहे आणि तुम्हाला ९८ दिला, तर ३०० युरोंमागे ६०० रुपये गेले, पावतीवर शुल्क मात्र शून्य. मी वाइज (पैसे पाठवायची ऑनलाइन सेवा) वापरते, शुल्क वेगळं दिसतं आणि दर बाजाराचा. पण ज्या दिवशी पाठवायचे त्या दिवशी दोनतीन ठिकाणी एकच आकडा बघा: घरी हातात रुपये किती पडणार.

हिशेबनीस
एक राहिलं. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि सेस कापून सरकारजमा करायचा असतो. रक्कम कितीही छोटी असली तरी. तुमचा खरा कर कमी बसत असेल तर आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळतं, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा.

कृष्णाकाठचा
सर्वांचे आभार. बाबांशी बोललो. एनआरई उघडत नाही. जुनं खातं एनआरओ करतो, भाड्यासाठी तेवढं पुरे. आईबाबांचे पैसे थेट बाबांच्या सांगलीच्या बँकेत, त्यांना शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यायचं असतं आणि अ‍ॅप नको आहे. आईवडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर नाही, हेही विचारून घेतलं. टपालवाडी, तुमचा आकडा बघूनच पाठवणार.

दुबईकर_मंग्या
एनआरई नाही म्हणजे चूक करताय. ठेवीचं व्याज हातचं जातंय.

कृष्णाकाठचा
साठलं की बघू. हिशेबनीस, कपातीचं ऐकून भाडेकरू वैतागलाय. ते प्रमाणपत्र म्युनिकमधून ऑनलाइन काढता येईल का?

हिशेबनीस
येतं. पॅनने लॉगिन करून अर्ज करा, भाडेकराराची प्रत जोडा. आणि आर्थिक वर्ष सुरू होतानाच करा, आधी कापलेल्याला ते लागू होत नाही.