सोलापूरहून कार्ले-भाजे: आईला घेऊन एका दिवसात जमेल का?

भीमाकाठ:
आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला भिक्खू राहायचे ती जागा बघायची आहे आणि स्तूपापुढे वंदना करायची आहे. जानेवारीत रेल्वेनंच जायचंय. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठायचं, लोणावळ्याजवळची बौद्ध लेणी बघायची आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत यायचं, जमेल का? कार्ले, भाजे, बेडसे यातलं कुठलं घ्यावं? मेणबत्ती, अगरबत्ती चालते का?

कुर्डुवाडी_जंक्शन:
नाही जमणार. लेण्यांसाठी मळवलीला उतरायचं, तिथं लोणावळा लोकलच थांबते आणि दुपारच्या लोकलमध्ये मोठा खंड असतो. हुतात्मानं पोचून त्या खंडात अडकलात की दिवस गेलाच. लोकलचं ताजं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. रात्रीची सिद्धेश्वर पुण्याला अडनिड्या वेळी उतरवते, आईंना फलाटावर ताटकळत ठेवू नका. आदल्या दिवशी हुतात्मानं जा, लोणावळ्यात मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून लेणी बघा आणि रात्रीच्या गाडीनं सोलापूर.

दगडी_ओटा:
गुडघ्यांचा विचार करता बेडसे सोडा. जवळपास ४०० पायऱ्या आहेत, शिवाय ते पूर्वाभिमुख, म्हणजे सकाळीच गाठायला हवं. कार्ले आणि भाजे पश्चिमाभिमुख. सकाळी गेलात तर चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, अंधार आणि बाहेर लख्ख उजेड, ना डोळ्यांना दिसतं ना फोटोत. जेवण उरकून भाजे, मग उन्हं कलताना कार्ले, हा क्रम ठेवा. मात्र आत सोडायची शेवटची वेळ आधी विचारून घ्या.

कार्ल्याला साधारण ३५० पायऱ्या, पण गाडी निम्म्या डोंगरापर्यंत जाते. रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा. एकवीरेचं देऊळ चैत्याच्या दारातच आहे, दर्शनाच्या रांगेतून वाट काढत वर जावं लागतं.

आता राहायची जागा. लोक चैत्य बघतात आणि माघारी फिरतात, निम्मं बघायचं राहून जातं. भाज्याला विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या, खोल्यांत शिरा. भिंतीलगत खडकातच सोडलेला ओटा दिसेल, तोच भिक्खूचा बिछाना. दाराच्या वर-खाली खोबणी चाचपून बघा, लाकडी कवाडाचे खुंट त्यात फिरायचे. बाहेरची पाण्याची टाकी बघा, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. जरा पुढे १४ छोटे स्तूप आहेत, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली. आईंना तिथं नक्की थांबवा.

भाज्याच्या चैत्यातले खांब आत कललेले आहेत, बांधकाम खचलेलं नाही. लाकडी इमारतीत छपराचा रेटा पेलायला खांब तिरके रोवत, तीच सवय कारागिरांनी दगडात उतरवली. खडकाला त्याची गरजच नव्हती!

वलुरक:
कार्ल्याबद्दल भर घालतो. माझं टोपणनाव म्हणजेच या लेण्यांचं जुनं नाव. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्खूंच्या वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, करजिक गाव दान दिल्याचा लेख चैत्याच्या दर्शनी भिंतीवर आहे. आत ३७ खांब: दोन्ही बाजूंना १५-१५ नक्षीदार, स्तूपामागचे ७ साधे अष्टकोनी. वर बघा, कमानीच्या फासळ्या लाकडाच्या आहेत, तशीच स्तूपावरची छत्रीही. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड!

म्हणूनच मेणबत्ती, अगरबत्ती नको. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली जागा आहे, ज्योत आणि धूर दोन्ही दगड-लाकूड काळं करतात. फुलं बाहेरच ठेवा. हळू आवाजात त्रिशरण, पंचशील म्हणा, चैत्यात आवाज घुमतो, ओरडायची गरजच पडत नाही. प्रदक्षिणेची वाट खांबांच्या मागून आहे, तिथं उजेड कमी आणि जमीन उंचसखल, आईंचा हात धरा.

भीमाकाठ:
तिकीट किती? आणि पायात काय घालावं?

वलुरक:
भारतीयांना २५ रुपये, दोन्हीकडं वेगळं. तळव्याला रबर असलेले बूट घाला, चपलांनी झिजलेल्या पायऱ्यांवर पाय सटकतो. वरच्या मजल्यांवरच्या विहारांत जाणारे दगडी जिने फार उभे आहेत, तिथं आईंना नेऊ नका, खालच्या खोल्या पुरे आहेत. हातात बॅटरी ठेवा.

कुर्डुवाडी_जंक्शन:
आणि कडक भाकरी, शेंगा चटणी घ्या, पण पिशवी बंद ठेवा. कार्ल्याच्या पायऱ्यांवर माकडं आहेत, प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ओढतात.