५ एमएल म्हणजे नेमकं किती? घरात पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या आहेत

फुलेवाडीची_आई
नमस्कार. मुलगी अडीच वर्षांची, काल रात्रीपासून ताप आहे. आत्ता १०१.६. खेळतेय, पाणी पितेय, पण अंग चांगलंच तापलंय. रविवार, त्यामुळे आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद. कपाटात पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या निघाल्या. एकीवर ५ एमएलमध्ये १२० एमजी, दुसरीवर ५ एमएलमध्ये २५० एमजी, आणि तिसरे धाकट्याचे ड्रॉप्स (तो सात महिन्यांचा), त्यावर १ एमएलमध्ये १०० एमजी. मागच्या वेळच्या चिठ्ठीवर नुसतं "पीसीएम (म्हणजे पॅरासिटामॉल) ५ एमएल" आहे, कुठल्या बाटलीतलं ते नाही. सासूबाई म्हणतात, तिन्ही तापाचीच की, दे एक चमचा, आमच्या वेळी कोण गणितं करत होतं. जाऊबाई म्हणतात डोस वयावर असतो. अंगणवाडीत दोन महिन्यांपूर्वी वजन ११.५ किलो भरलं होतं. हिशेब कसा करायचा, कुणी सांगेल का?

रंकाळा_वॉक
ताई, आधी एक्सपायरी बघा आणि बाटली कधी फोडलीय ते आठवा. नाहीतर सरळ उघडं असलेलं मेडिकल गाठा, रविवारी पण चार सापडतील.

मेडिकलवाले_काका
राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट. पण काउंटरवर केस पांढरे झालेत, आणि हाच प्रश्न पावसाळा लागला की रोज येतोय.

सासूबाईंना सांगा, चमच्यावर माझा राग आहे, त्यांच्यावर नाही. डोस एमएलमध्ये नसतोय, एमजीमध्ये असतोय. एमएल म्हणजे साखर, पाणी, रंग सगळं धरून झालेलं माप. त्यात औषध किती, ते लेबलावर बारीक अक्षरात असतंय, आणि तेच कुणी वाचत नाही.

पॅरासिटामॉल एका वेळेला किलोमागं १० ते १५ एमजी. तुमची ११.५ किलोची, म्हणजे ११५ ते १७२ एमजी. आता बाटली हातात घ्या. १२० वालीत एका एमएलला २४ एमजी पडतात, पाच एमएल दिलं की १२०. बरोबर बसलं. चिठ्ठीतलं ५ एमएल बहुतेक हिचंच. २५० वालीत एका एमएलला ५०, म्हणजे अडीच ते तीन एमएल पुरे. हिचंच पाच पाजलं तर किलोमागं जवळजवळ २२ एमजी झाले. एकदा दिल्यानं आभाळ कोसळत नाही, पण दिवसातनं चार वेळा, तीन दिवस असं चाललं की लिव्हरवर येतंय.

खरी भीती ड्रॉप्सची. लोकांना वाटतंय, बाळाचं औषध म्हणजे सौम्य. उलटं आहे. बाळ जास्त पीत नाही म्हणून थोडक्या थेंबात जास्त औषध बसवलेलं असतंय, १२० वालीच्या चौपट कडक. धाकटा सात किलोचा धरला तर त्याला ७० ते १०५ एमजी, म्हणजे ड्रॉपरनं पाऊण ते एक एमएल. चुकून कुणी ड्रॉप्स चमचाभर पाजले तर ५०० एमजी पोटात, किलोमागं सत्तर! अख्ख्या दिवसाची मर्यादा किलोमागं ६० असते. म्हणून ड्रॉप्सची बाटली सिरपच्या शेजारी ठेवूच नका, वेगळ्या कप्प्यात टाका.

दोन डोसमध्ये सहा तास धरा, चोवीस तासांत चारच्या वर नाही. जाऊबाईंचं वयावर डोसचं म्हणाल तर खोक्यावर वयाचा तक्ता असतोय खरा, पण अडीच वर्षांची पोरं नऊ किलोचीपण येतात आणि पंधराचीपण.

घरातला चमचा वापरू नका. कुणाचा तीन एमएलचा, कुणाचा सहाचा. सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज घ्या, किरकोळ पैशात मिळते. ओढल्यावर बुडबुडा काढून टाका आणि काळ्या रबराची पुढची कड रेघेला लावून वाचा. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, घशात पिचकारी नको.

आणि चिठ्ठीवर ताकद लिहीत नाहीत ही माझी जुनी कुरकुर आहे. नुसतं "५ एमएल" आलं की मी फोन लावतो. काही डॉक्टर चिडतात. चिडू देत.

पन्हाळा_रोड
काका, जरा विषयांतर. मुलगा अकरा वर्षांचा, ४८ किलो. ६५० ची गोळी चालते का? आणि ते दोन औषधं एकत्र असलेलं सिरप आमच्याकडं सर्रास देतात, ताप झटक्यात उतरतो म्हणून.

निवृत्त_सिस्टर
मी उत्तर देते, बालरोग वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. ४८ किलोला ५०० ची गोळी पुरते, किलोमागं साधारण १० एमजी होतात. ६५० मर्यादेत बसते, पण सुरुवात तिथून कशाला?

ते जोड सिरप म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. ताप उतरतो हे खरं. पण पावसाळ्यात ताप आला की आपल्याकडं डेंगी डोक्यात ठेवावाच लागतो, आणि डेंगीत आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड (हेही तापाचंच औषध) दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कारण कळेपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच. ॲस्पिरिन तर कुठल्याच मुलाला घरच्या घरी देऊ नका.

सर्दीच्या सिरपात पण बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. वरून तापाचं वेगळं दिलं की डोस दुप्पट. सर्दीसाठीचं क्लोरफेनिरामाइन आणि फिनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्यांना देऊ नये, असा इशारा लेबलावर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर हिशेब करत बसू नका, उचला आणि दवाखाना गाठा. जास्त पाजलं गेल्याची शंका आली तरी तेच. पहिल्या दिवशी मूल ठणठणीत दिसतं, म्हणून आईबाप गाफील राहतात. उतारा एन-ॲसिटिलसिस्टीनचा, आणि तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर उत्तम. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला न्या, नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला. बाटली सोबत घ्या.

फुलेवाडीची_आई
सगळ्यांचे आभार. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले, मग एकटी. फरक ११.८ आला. १२० वाली एक्सपायर झालेली निघाली, त्यामुळे २५० वालीतून सिरिंजनं ३ एमएल दिलं, सव्वाअकराला. बरोबर आहे ना?

मेडिकलवाले_काका
३ गुणिले ५० म्हणजे १५०. भागिले ११.८, किलोमागं पावणेतेराच्या आसपास. झकास. आता सव्वापाचच्या आत परत नको. मधे ताप १०० वर घुटमळला आणि पोरगी खेळत असली तर पाणी पाजा, औषधाची घाई नको. वेळ आणि माप फ्रिजवर कागदावर लिहून चिकटवा, कारण संध्याकाळी "अगं, मी दिलं नव्हतं का मघाशी" हे प्रत्येक घरात होतंय. सुस्त पडली, उलट्या व्हायला लागल्या, लघवी कमी झाली, अंगावर लाल ठिपके दिसले किंवा झटका आला तर उद्याच्या ओपीडीची वाट बघू नका.

आणि १२० वाली बेसिनमध्ये ओतून टाकू नका. दुकानात आणून द्या, आम्ही वेगळी काढतो.