शब्दचर्चा : 'मर', 'मर रोग' आणि 'मान टाकणे'

प्रश्न (कारंजा, जि. वाशिम)

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटासाठी पीकरोगांवर एक छोटी पुस्तिका लिहिते आहे, आणि 'मर' या शब्दापाशी घोडं अडलंय. तूर ऐन फुलोऱ्यात उभ्या उभ्या वाळते, ती मर. हरभरा जागोजागी सुकतो, तीही मर. आणि पावसाच्या मोठ्या खंडानंतर झड लागली की बोंडांनी लदलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिवसभरात मलूल होते, तिलाही मरच म्हणतात. कृषी विद्यापीठाच्या कागदावर या तिसरीला 'आकस्मिक मर' असं नाव आहे, पण बोलता बोलता 'आकस्मिक' गळतं आणि 'मर रोग' एवढंच उरतं. तिन्हींना एकच शब्द ठेवू, की वेगळा घडवू?

उत्तर (अकोला, वनस्पतिरोगशास्त्र शिकवत होतो)

ताई, नवा शब्द नको. 'मर' हे लक्षणाचं नाव आहे. आपल्याकडे पिकांच्या दुखण्यांची नावं डोळ्यांना दिसतं त्यावरूनच पडलीत : करपा, भुरी, तांबेरा, लाल्या. त्यात काही वावगं नाही. घोटाळा होतो तो मागे 'रोग' जोडला की, कारण रोग म्हटलं की माणूस बुरशी किंवा जंतू शोधायला लागतो.

तुरीची मर हा खराच रोग. फ्युजॅरियम उडम ही बुरशी जमिनीत, जुन्या धसकटांवर वर्षानुवर्षं टिकते, मुळांतून शिरते आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पसरते. बुरशी पुढे सरकू नये म्हणून झाडही त्या नळ्यांत फुगवटे आणि डिंकासारखा पदार्थ भरून वाट बंद करतं. म्हणजे पाणी अडतं ते बुरशीमुळे, आणि काही अंशी झाडाच्या स्वतःच्या बंदोबस्तामुळेही. असं झाड उपटून खोड उभं चिरा, आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतील.

पऱ्हाटीच्या आकस्मिक मरीत खोड चिरलं तर ही रेघ सापडत नाही. बुरशी नाहीच. रान चिबडलं, म्हणजे पाणी साचून राहिलं, की मुळांना प्राणवायू मिळत नाही. अशा मुळांत इथिलीन या वायूचा कच्चा माल तयार होऊन साचतो. त्याला एसीसी म्हणतात. त्याचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो, आणि मुळाशी तोच संपलेला. मग एसीसी रसाबरोबर वर पानांत चढतो. तिथे हवा आहे, तिथे त्याचं इथिलीन होतं. दुखणं मुळाशी, पण मान टाकतात ती पानं, आणि त्यामागोमाग पाती (कळ्या) आणि फुलं गळतात. केळी पिकवणारा वायू तो हाच.

म्हणूनच लक्षण दिसताच काही तासांच्या आत कोबाल्ट क्लोराईड दर लिटरला 10 मिलिग्रॅम या प्रमाणात फवारायला सांगतात. एसीसीचं इथिलीन करणारं विकर (एन्झाइम) कोबाल्टमुळे अडतं. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. एकाच 'मर' शब्दाच्या पोटात इतकी वेगवेगळी यंत्रणा आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर बरोबर सांगतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी कोणी 'मर' म्हणतच नाही. म्हणतात, 'पऱ्हाटीनं मान टाकली.' हरभऱ्याले मात्र 'मर लागली' म्हणतात. हा फरक घरात, बांधावर सगळे पाळतात. तो पुसला जातो दुकानात. मी स्वतः काउंटरवर 'मर आली' एवढं बोललो आणि बुरशीनाशकाची बाटली घेऊन आलो. वावरात पाणी तुंबलेलं होतं, आधी चर काढून ते बाहेर काढायला पाहिजे होतं. हे मले कोणी विचारलंच नाही, 'का गा भाऊ, पाणी कवा पडलं?' ताई, पुस्तिकेत 'मान टाकणे' हाच शब्द घ्या. लोकाइच्या तोंडातला आहे.

उत्तर (अमरावती, मराठी शिकवते)

दारव्ह्याच्या दादांनी नेमकं सांगितलं. मला वाटतं भेद नामात नाही, क्रियापदात आहे. बाहेरून जीव येऊन बिलगला की आपण 'लागणे' किंवा 'पडणे' म्हणतो : कीड लागली, मावा पडला, मर लागली. हवा, पाणी, ऊन यांचं असेल तर 'बसणे' : ताण बसला, फटका बसला, चटका बसला. आणि 'मान टाकणे' यात कर्ता झाड स्वतः आहे, ते काहीतरी करतं आहे. सरांनी सांगितलेली यंत्रणा वाचल्यावर हा प्रयोग मला फारच अचूक वाटला. तेव्हा पुस्तिकेत 'आकस्मिक मर लागली' असं कुठेही येऊ देऊ नका. 'पाण्याचा फटका बसून पऱ्हाटीने मान टाकली' असं लिहा.

उत्तर (वरूड, संत्र्याची बाग)

ताण 'बसतो' तसा 'देतात'ही, ते विसरू नका. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, आम्ही मे महिन्यात पाणी तोडतो. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग पाऊस आला की ताण तुटतो आणि फूट निघते. लिंबूवर्गीय झाडाला पाण्याचा ताण मिळाला की फुलोऱ्याचा निरोप देणाऱ्या एफटी जनुकाचं काम वाढतं, थंडीनेही तेच होतं, असं वाचलं आहे. आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटच्या फुलोऱ्याला, थंडीची साथ का मिळते ते तेव्हा उमगलं. त्यामुळे 'ताण' म्हणजे दुखणं, असं पुस्तिकेत लिहू नका. ताण किती दिवस आणि कोणत्या जमिनीवर, हे बघावं लागतं. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या मातीत उशिरा.

पुन्हा अकोला

वरूडच्या भाऊंना दुजोरा. पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे झाडातलं संप्रेरक वाढतं, ते पर्णरंध्रं मिटवतं, बाष्प वाचतं. झाड तेव्हा आजारी नसतं, काटकसर करत असतं. 'लाल्या रोग' हेही पुस्तिकेतून काढा, नुसतं 'लाल्या' ठेवा. कपाशीचं पान लाल होतं ते अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य साठल्यामुळे. त्यामागे बहुधा मॅग्नेशियम-नत्राची कमतरता किंवा रात्रीची थंडी असते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तिकेत 'मर रोग' फक्त तूर-हरभऱ्यावरच्या मजकुरात ठेवते आहे. कपाशीसाठी हा मजकूर कसा वाटतो ते सांगा : 'खंडानंतर मोठा पाऊस झाला आणि पऱ्हाटीने मान टाकली, तर आधी साचलेलं पाणी काढा. एक झाड उपटून खोड उभं चिरा. आत काळी रेघ नसेल तर बुरशीनाशक घेऊ नका.' आणि अजून एक. 'आशा' हे तुरीचं वाण मरीला 'प्रतिकारक' म्हणतात, काही ठिकाणी 'सहनशील' छापलेलं दिसतं. दोन्ही एकच का?

अकोला

मजकूर उत्तम. शेवटी फक्त 'दुकानात खोड सोबत न्या' एवढं वाढवा. प्रतिकारक आणि सहनशील एक नव्हेत. प्रतिकारक झाड बुरशीला आत वाढू देत नाही. सहनशील झाडात ती वाढते, पण उत्पन्न फारसं घटत नाही. आशा मरीला आणि वांझ रोगाला (यात झाडाला फुलं-शेंगा येत नाहीत) प्रतिकारक आहे. सहनशील पिकाच्या धसकटात बुरशी मुक्काम करून पुढच्या हंगामाला तयार राहते, म्हणून हा शब्द छापताना जपून.